आम्हाला कोणी कामावर लावले नाही

नाशिकला राहून बायबल वाचणाऱ्याला द्राक्षमळा समजावून सांगावा लागत नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या बाजूला ज्याचे कोणी नात्यातले किंवा ओळखीचे आहे, त्याला बागेचे सगळे वर्ष तोंडपाठ असते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी, मग फूट, डिपिंग, विरळणी आणि जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत माल उतरवणे. या सगळ्या कामांना माणसे लागतात आणि ती वेळेवर लागतात. सुरगाणा, पेठ या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे लहान लेकरांसकट बागांवर येतात. टोळीचा मुकादम एकराचे काम उक्ते ठरवतो. माल तयार झाला आणि नेमके आभाळ भरून आले, की बागाइतदाराची झोप उडते. अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकतात, आणि वर्षभर पाण्यासारखा ओतलेला पैसा दोन रात्रींत मातीत जातो. त्या दिवसांत तो पहाटे माणसे शोधायला निघतो, दुपारी पुन्हा निघतो, फोनवर फोन करतो.

म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी एकाच दिवसात पाच वेळा बाजारात का जातो, हे मला लहानपणी शब्बाथ शाळेतसुद्धा कोणाला विचारावे लागले नव्हते. पहाटे जातो, एक दिनार रोज ठरवून माणसे आणतो. नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. तिकडे पॅलेस्टाइनात द्राक्षे उन्हाळ्याच्या शेवटी उतरतात आणि मागोमाग पावसाळा येतो, म्हणजे त्याचीही घाई आपल्यासारखीच. इथवर गोष्ट सरळ आहे. पण तो संध्याकाळी पाच वाजता पुन्हा निघतो. सहाला दिवस मावळणार. तासाभरासाठी आणलेला मजूर बागेत पोचून पाटी हातात घेईपर्यंत अंधार पडायचा. नाशिकमधला कोणीही व्यवहारी बागाइतदार पाच वाजता माणूस आणायला जाणार नाही.

तो जातो. तिथे अजून काही जण उभे असतात. तो विचारतो, ‘तुम्ही सारा दिवस इथे रिकामे का उभे राहिलात?’ ते म्हणतात, ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही म्हणून.’

या एका उत्तरापाशी मी गेली काही वर्षे थांबले आहे. दाखल्याचा पुढचा भाग, म्हणजे सगळ्यांना सारखीच मजुरी, सकाळच्यांची कुरकुर, शेवटले पहिले आणि पहिले शेवटले, यावर प्रवचने पुष्कळ होतात. त्या उभ्या राहिलेल्यांबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

आमच्या भागातल्या चौकात सकाळी मजुरांचा नाका भरतो. गवंडी, बिगारी, रंगवाले, सेंट्रिंगवाले. साडेसातला पिशव्या आणि डबे घेऊन माणसे उभी असतात, ठेकेदाराची मोटरसायकल किंवा टेम्पो थांबला की घोळका तिकडे सरकतो. नऊच्या पुढे भाव पडायला लागतो. दहा-अकरापर्यंत ज्याला काम मिळाले तो गेलेला असतो आणि ज्याला नाही मिळाले तो घरी निघालेला असतो, कारण त्यानंतर कोणी माणूस न्यायला येत नाही हे त्याला माहीत असते. संध्याकाळी पाच वाजता त्या नाक्यावर मी कधी कोणाला उभे पाहिलेले नाही.

मग येशूच्या गोष्टीतले ते लोक पाचपर्यंत का उभे होते? आळशी असते तर केव्हाच सावलीला जाऊन आडवे झाले असते. मला एकच कारण सुचते. त्यांना रिकाम्या हाताने घरी जाववत नव्हते. दारात शिरल्यावर बायको काही विचारणार नाही, फक्त हाताकडे बघेल, एवढेही त्यांना सोसणार नव्हते. म्हणून ते उभेच राहिले.

हे मला वाचून कळले नाही. आमचे हे एका मोठ्या कारखान्यात कित्येक वर्षे टूलरूममध्ये होते, कंत्राटावर. दर वेळी कंत्राट संपायचे, चार दिवस खंड पडायचा, पुन्हा बोलावणे यायचे. त्या वर्षी आले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवी कामे कशी मिळतात, किंवा मिळत नाहीत, हे सांगायची गरज नाही. मुलाखतीला गेले की समोरचा पंचविशीतला मुलगा आदराने ‘काका’ म्हणतो, आणि तिथेच कळते की हे काम काही आपले नाही.

सासूबाईंना त्या वेळी बरे नव्हते. त्यांना काही कळू द्यायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. त्यामुळे पहिल्या पाळीला निघायच्या वेळेला हे रोजच्यासारखे घरातून निघत. डबा मी भरून देई. दोन पोळ्या, भाजी, कधी मुगाची उसळ. ‘येतो आई’ म्हणून हे बाहेर पडत आणि दिवस काढायला जात. कधी सोमेश्वरला, कधी गंगेवर म्हणजे गोदावरीकाठी, पावसाळ्यात सार्वजनिक वाचनालयात. १८४० पासूनचे आपले ते जुने वाचनालय. तिथे वर्तमानपत्र समोर धरून बसणारी, पान न उलटणारी माणसे किती असतात, हे यांनी मला तेव्हा सांगितले. डबा कुठे उघडायचा हा प्रश्न असे. ‘बाकावर बसून डबा खाल्ला की लोक बघतात,’ एवढेच एकदा म्हणाले.

त्या दिवसांत चर्चला जाणे सगळ्यात अवघड झाले होते. उपासना संपली की आवारात मंडळी थांबते, एकमेकांना सलाम, जय ख्रिस्त होते, लेकराबाळांची चौकशी होते. आपली माणसे आहेत, मायेनेच विचारतात. ‘काय मग, काय चाललंय हल्ली?’ हा प्रश्न यांना असा लागे की शेवटचे गीत संपायच्या आधीच हे चपला घालून फाटकाबाहेर जाऊन उभे राहत. पुढे पुढे तर येईनातच. आणि मी आत बसून साक्षी ऐकायची. अमक्याने उपास-प्रार्थना केली आणि परदेशी नोकरी लागली. तमकीने दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, न चुकता दिला आणि प्रमोशन झाले. त्यांचा आनंद खोटा नव्हता. पण त्या प्रत्येक साक्षीबरोबर एक न बोललेले वाक्य माझ्या पदरात पडे: तुमची प्रार्थना मग कुठे कमी पडली?

या शिकवणुकीविरुद्ध मला स्पष्ट बोलायचे आहे, कारण तिने माणसे मोडतात हे मी पाहिले आहे. विश्वास ठेवा, नोकरी लागेल. विश्वास ठेवा, कर्ज फिटेल. असा सौदा शुभवर्तमानात कुठेही नाही. ज्याने तो दाखला सांगितला तो स्वतः नासरेथात सुतारकाम करणारा होता. सुमारे तिसाव्या वर्षी तो लोकांपुढे आला. त्याआधीचा सगळा काळ गावातल्या एका कारागिराचा होता, आणि त्या काळाबद्दल शुभवर्तमाने जवळजवळ काही सांगत नाहीत. त्या वर्षांत उधारी अडकली नसेल? कोणी काम सांगून फिरकलाच नाही असे झाले नसेल? पौल एवढा मोठा प्रेषित, पण करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर बसून तंबू शिवून पोट भरत होता. यातल्या कोणालाही विश्वासाच्या बदल्यात बढती मिळाली नाही.

धीर मला मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९ वा अध्याय. एलिया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवतो, आणि लगोलग राणी ईजबेलचा निरोप येताच जीव घेऊन पळतो. एक दिवसाची वाट चालून रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, ‘परमेश्वरा, आता पुरे. माझा जीव घे.’ आणि झोपी जातो. एवढा मोठा देवाचा माणूस असे बोलतो तेव्हा देवाने त्याला काय म्हणावे असे आपल्याला वाटेल? तुझा विश्वास कुठे गेला, कालचा चमत्कार विसरलास का, असे काहीतरी. देव यातले काहीच म्हणत नाही. देवदूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि म्हणतो, ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येतो, पुन्हा म्हणतो, ‘ऊठ, खा, कारण वाट फार लांबची आहे.’

दोनदा जेवण आणि दोनदा झोप. उपदेश नाही. होरेब डोंगरावरचा तो मंद, हळू आवाज नंतर येतो, त्याआधी भाकर येते. हे वाचले त्या रात्री यांना जाग आहे असे ओळखूनही मी काही बोलले नाही. त्याआधी मी बोलत असे. हे बघा, तो बघा, तिकडे अर्ज टाका. त्या रात्री उठून दूध गरम केले, एवढेच.

आमच्या महिला मंडळात एक मावशी आहेत. वय झालेले, गुडघे दुखतात, तरी मंडळीत कोणाकडे चूल पेटली नाही हे त्यांना सगळ्यांआधी कळते. त्या एके दिवशी घरी आल्या. सासूबाईंपाशी बसल्या, चहा घेतला, आणि निघताना यांना म्हणाल्या, ‘बाबा, चर्चमधले दोन बाक हलतात रे. मागच्या रविवारी बसले तर मी पडणारच होते. तुझ्याकडे हत्यारं आहेत ना? बघशील का जरा?’ काय चाललंय, कसं चाललंय, एक अक्षर विचारले नाही.

हे गेले. दोन बाकांचे काम घेतले, मग लक्षात आले की सगळ्याच बाकांचे सांधे सैल झाले आहेत. सागवानी जुने बाक, वर्षानुवर्षांच्या लोकांनी टेकून गुळगुळीत झालेले. टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये माप धरणारा माणूस, त्याने ते काम त्याच हाताने केले. प्रत्येक सांधा उघडला, नवी खुंटी बसवली, घासले, पॉलिश केले. मंडळीच्या कमिटीने मजुरी देऊ केली ती यांनी आधी नको म्हटली, तेव्हा मावशींनी दम दिला. ‘कामकऱ्याला मजुरी घ्यायला लाज कसली? प्रभूनेच सांगितलंय, कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे.’ लूकाच्या दहाव्या अध्यायातले वाक्य, त्यांना अध्याय-ओवीसकट पाठ. यांनी पाकीट घेतले. त्या दिवशी सासूबाईंच्या हातात यांनी पैसे ठेवले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले नाही.

पाच वाजता कोणीतरी नाक्यावर आले होते. तासाभराचेच काम होते. पण आले.

आता माझ्या कामाबद्दल. मी अंबडला एका लहान मशीन शॉपमध्ये हिशेब बघते. सीएनसी, व्हीएमसी मिळून थोडी यंत्रे, मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या मधल्या कंपन्यांचे आम्ही जॉब वर्क करतो. आमचे मालक भले गृहस्थ आहेत, पण पगाराच्या तारखेआधीचा आठवडा त्यांचा चेहरा बघवत नाही. माल गेलेला असतो, बिल गेलेले असते, आणि पैसे येत नाहीत. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा स्पष्ट आहे. लहान उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ. कायद्यात हे सगळे लिहिलेले आहे. पण ते व्याज मागितल्याचे मी आमच्या ओळखीच्या एकाही शॉपमध्ये ऐकले नाही. मागेल त्याची पुढची ऑर्डर जाईल, ही भीती. मग फोन करायचे काम माझे. ‘साहेब, जरा आमचं बघा ना.’ पलीकडून ‘पुढच्या आठवड्यात’. अशा फोनांनी माणसाच्या आत काहीतरी झिजत जाते.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मोशेने दिलेली आज्ञा आहे: मजूर गरीब असो, तो तुझा भाऊबंद असो की परका, त्याची मजुरी ज्या त्या दिवशी सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे. द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळ होताच कारभाऱ्याला बोलावतो तो याच आज्ञेला धरून. आणि याकोबाच्या पत्रात तर म्हटले आहे की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. थकलेल्या बाकीची यादी समोर घेऊन बसते तेव्हा मला हे वचन आठवते. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे आमच्या शॉपमधल्या एखाद्या पोराचा हप्ता, एखाद्याच्या बहिणीची फी आहे. देव हे हिशेब बघतो, हा माझ्यासाठी फार मोठा आधार आहे. फोन त्याने सोपा होत नाही. पण फोन करताना मी भीक मागत नाही हे मला माहीत असते, आणि आवाज खाली जात नाही.

नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला या गोष्टींसाठी फार लांब बघायची गरज नाही. शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो, दुकाने, दवाखाने, सिग्नल. त्याच शरणपुरात १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत उभी राहिली. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली जात, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे आणली गेली. ज्यांना गाव उरले नव्हते, आईबापांची भाषाही पुरती उरली नव्हती, त्या मुलांना इथे लिहायला-वाचायला शिकवले, सुतारकाम, लोहारकाम शिकवले. त्यांतला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत १८७३ साली वारला तेव्हा त्याच्याबरोबरच्या माणसांनी त्याचा देह महिनोन्‌महिने खांद्यावरून समुद्रकाठापर्यंत आणला. लिव्हिंगस्टनचे हृदय ज्या झाडाखाली पुरले तिथे प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत तो होता. बाजारात ज्याच्या अंगाचीच किंमत झाली असती, त्या मुलाच्या हाताला नाशिकने अक्षर दिले. हे आमच्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा जन्म १८६८ चा, गंगेकाठच्या जलालपूरचा, म्हणजे पक्क्या नाशिककर. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि या बाईचे सगळे घर एका दिवसात उधळले. माहेर, सासर, सोवळे-ओवळे, देव, शेजार. पुढे काही वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ताकडे आल्या, त्या कोणाच्या धाकाने नव्हे, आपल्या बुद्धीने. १९१९ मध्ये टिळक गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. ते या न शिकलेल्या बाईने हातात घेतले आणि पुरे केले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने येऊ लागल्या तेव्हा साठी उलटली होती. १९३६ साली नाशिकलाच त्या गेल्या. मराठी वाचणाऱ्या कोणालाही आज त्यांचे नाव सांगावे लागत नाही. आयुष्याच्या पाच वाजता कामावर बोलावलेली बाई, असे मी मनात त्यांना म्हणते. आमच्या मंडळातल्या बायका ‘आता या वयात काय’ म्हणतात तेव्हा मी लक्ष्मीबाईंचे नाव काढते. मग त्या गप्प होतात, निदान पुढच्या बुधवारपर्यंत.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. आम्ही सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, ते कॅथॉलिक, पण आमच्याकडचे निम्मे लोक जातात, आणि हिंदू शेजारणीही आमच्याबरोबर येतात. मुंबई, वसई, गोव्याहून लोकांची रीघ लागते. तिथल्या रांगेत उभे राहिले की लोक काय मागायला आले आहेत हे कानावर पडतेच. नोकरी, मूल, घराचा ताबा, नवऱ्याची दारू. माझ्या ओळखीचे एक वडीलधारे गृहस्थ अशा मागण्यांना हलके मानतात, आत्म्याच्या गोष्टी मागाव्यात म्हणतात. मला तसे वाटत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आमची रोजची भाकर आज आम्हाला दे हे वाक्य पापांच्या क्षमेच्या आधी आहे. तो आईच्या हातचे जेवलेला होता, त्याला क्रम माहीत होता.

आता सकाळच्या मजुरांबद्दल बोलायला हवे. त्यांच्यावर अन्याय होतो असे मला पुष्कळ दिवस वाटे, आणि अजूनही काही सकाळी वाटते. पहाटे उठायचे, सासूबाईंचे करायचे, दोन डबे, बस, दिवसभर टॅली आणि जीएसटी, संध्याकाळी पुन्हा ओटा. आम्ही दिवसभराचे कष्ट व ऊन सोसले, हे त्यांचे म्हणणे मी शब्दाशब्दाने म्हणू शकते. धन्याने शेवटच्यांना आधी मजुरी दिली म्हणून तर सकाळच्यांना दिसले. आधी सकाळच्यांना देऊन वाटेला लावले असते तर ते आनंदाने घरी गेले असते, कोणी कुरकुरले नसते. त्याने ते मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत केले.

का केले असेल? हा दाखला येशूने कोणाला सांगितला ते पाहिले की थोडा उलगडा होतो. आदल्या अध्यायाच्या शेवटी पेत्र विचारतो, आम्ही सगळे सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळेल? हे त्याचे उत्तर आहे. पेत्र हा पहाटेचा मजूर. पहाटेच्या मजुराला एक गोष्ट मिळालेली असते ती त्याच्या ध्यानात येत नाही. सकाळी सहा वाजता त्याला माहीत होते की आज संध्याकाळी घरात भाकर शिजणार आहे. ऊन त्याने सोसले, पण चिंता सोसली नाही. पाचच्या मजुराने ऊनही सोसले आणि चिंताही. दिवसभर उभे राहणे हे काम नव्हे असे ज्याला वाटते त्याने एक दिवस उभे राहून बघावे. यांनी वाचनालयात काढलेल्या दुपारी मला माझ्या टॅलीपेक्षा जड वाटतात, हे मी मनापासून सांगते.

आणि म्हणून मला त्या धन्याचा हिशेब आता अन्याय वाटत नाही. एक दिनार म्हणजे त्या काळी एका मजुराच्या एका दिवसाची कमाई. त्यात एका घराचे एका दिवसाचे भागे. त्याचा बारावा भाग दिला असता तर तो बरोबर मोजलेला असता, पण त्यात एका लेकराचेही पोट भरले नसते. धन्याने तास मोजले नाहीत, ताटे मोजली. नाशिकच्या कोणत्याही कंपनीचे एच. आर. खाते असे करणार नाही, करूही शकणार नाही, हे मला कळते. पण मी ज्याच्यावर विश्वास ठेवते तो असा आहे, हे कळल्यापासून महिनाअखेरीची भीती कमी झाली आहे. पगार होईल की नाही हे तेव्हाही माहीत नव्हते, आजही नसते.

यांना पुढे एका लहान वर्कशॉपमध्ये काम लागले. पगार आधीपेक्षा बराच कमी. फिक्स्चर बनवतात, नव्या पोरांना व्हर्नियर धरायला शिकवतात. घरी आले की हाताला कूलंटचा वास येतो, आणि सासूबाई म्हणतात, हात धू आधी. यात मोठी साक्ष नाही, म्हणून आम्ही ती कधी उभे राहून दिलीही नाही. हे मात्र आता उपासनेनंतर आवारात थांबतात. गीत संपायच्या आधी जो चपला घालतो त्याच्याकडे यांचे लक्ष असते. त्याला काय चाललंय असे हे विचारत नाहीत. आधी जवळच्या टपरीवर चहाला नेतात, मग त्याला कोणते यंत्र येते ते विचारतात.

मावशींनी आणि यांनी मिळून एक वही केली आहे. कोणाला काय काम येते, कोणाकडे काय काम आहे. पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी सूचनांमध्ये त्यातल्या दोन-चार ओळी वाचतात, लग्नाच्या जाहीर सूचनांनंतर. सुरुवातीला काही जणांना ते रुचले नाही, उपासनेत नोकरीच्या जाहिराती कशाला म्हणून. मावशी म्हणाल्या, ‘मग त्या धन्याला दाखल्यातून काढून टाका.’

सध्या त्या वहीत आयटीआय झालेला एक मुलगा आहे, व्हीएमसी चालवतो, ड्रॉइंग वाचता येते, कोणतीही पाळी चालेल. एक बाई आहेत, पॅकहाऊसमध्ये ग्रेडिंग करतात. एप्रिलमध्ये द्राक्षे संपली की त्यांचे काम संपते, पुढच्या सीझनपर्यंत काहीही करायची तयारी आहे, स्वयंपाक उत्तम. आणि एक गृहस्थ आहेत, वय ५६, वेल्डर, हात अजून स्थिर आहे. सातपूर-अंबडकडे किंवा आडगाव, ओझरच्या बाजूला कोणाला माणूस हवा असेल तर कळवा. उशीर झाला, आता कशाला, असे मनात आणू नका. संध्याकाळी पाच वाजतासुद्धा कळवा.